खोट्या ठरणाऱ्या सिस्टर

सरकारने आपल्याला खोटं ठरवलं की सिस्टर खूश व्हायच्या. त्या आमच्या भागाच्या आमदार आणि मी त्यांचा पी.ए. विधानसभेत दिलेल्या त्यांच्या लेखी प्रश्नाला 'हे खरे नाही' असं उत्तर छापून आलं की माझा पारा चढायचा. त्या मात्र चष्मा काढून पदराने पुसत म्हणायच्या, "चला, झालं काम." सुरुवातीला मला वाटायचं, बाईंना अजून राजकारण कळत नाही.

आमदारकीच्या आधी त्यांनी टोकावड्याकडच्या खेड्यांत नर्स म्हणून सगळी नोकरी काढली होती. तिकडच्या कितीतरी घरांतली बाळंतपणं त्यांच्या हातची. म्हणून निवडून आल्यावरही सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. कुणी माईकवरून 'माननीय आमदार महोदया' म्हणालं, की त्या मागे वळून बघत, कोण मोठं माणूस आलंय म्हणून. मी हसलो की डोळे वटारत.

सभागृहात त्यांना बोलायला जमत नसे. गोंधळ सुरू झाला की त्या पर्स उचलून बाहेर यायच्या. त्यांचा सगळा भरवसा लेखी प्रश्नावर. अमुक ठिकाणी अमुक सोय नाही, हे खरे आहे काय? असल्यास शासनाने काय केले? नसल्यास विलंबाची कारणे काय? अशी त्याची ठरलेली चाल. अधिवेशनाच्या बऱ्याच आधी तो द्यायचा. मग तो खात्याकडे जातो, खात्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला. सरकारी भाषेत त्याला एलएक्यू म्हणतात, आणि तो आला म्हटलं की साहेब लोकांना जेवण गोड लागत नाही, कारण उत्तर मंत्र्यांच्या नावाने छापलं जाणार असतं. सिस्टरनी नोकरीत ही पळापळ जवळून बघितली होती. "वर्षभर साधा बल्ब मागून मिळायचा नाय रे," त्या सांगत. "एलएक्यू आला की दुसऱ्या दिवशी वायरमन दारात."

आमच्याकडे भातलावणीच्या दिवसांत बांधाबांधावर साप निघतात. एका पावसाळ्यात सुनंदा नावाच्या तरण्या पोरीला चिखलात पाय घातल्याघातल्या डसला. जवळच्या आरोग्य केंद्रात सापाचं इंजेक्शन नव्हतं. सिस्टर योगायोगाने त्याच गावात होत्या. त्यांनी तिला आपल्याच जीपमध्ये घातलं आणि गाडी तालुक्याच्या दवाखान्याकडे पळवली. मी पुढे ड्रायव्हरशेजारी होतो. मागून सिस्टरचा आवाज येत होता, "झोपू नको गो, बोल माझ्याशी, बोल." वाटेत तो आवाज थांबला. मला मागे वळून बघायचा धीर झाला नाही. ड्रायव्हरने आपोआप वेग कमी केला. "तिची नाळ मी कापली होती," एवढंच त्या म्हणाल्या.

पुढच्या उन्हाळ्यात, पावसाळी अधिवेशनासाठी, त्यांनी प्रश्न घातला. सदर आरोग्य केंद्रात सर्पदंशावरील इंजेक्शन उपलब्ध नाही, हे खरे आहे काय? प्रश्न स्वीकारला गेला आणि आठवडाभरात आरोग्य खात्याचे एक साहेब सिस्टरच्या ओटीवर येऊन बसले. "मॅडम, साठा निघालाय. आता प्रश्न मागे घेतलात तर बरं. उगाच खालच्या माणसांवर बालंट येतं."

"निघालाय आणि पोचलाय, याच्या मधी माणूस मरतं, साहेब," सिस्टर म्हणाल्या. "चहा घ्या. प्रश्न ऱ्हाईल."

त्यानंतरचे दिवस मी विसरणार नाही. माळशेजच्या बाजूला आभाळ भरून यायला लागलं होतं. रोपांच्या वाफ्यांवर पालापाचोळ्याचे राब भाजून झाले, पेरणी झाली, रोपं हिरवीगार वर आली आणि इंजेक्शनाचा पत्ता नाही. सकाळी सिस्टरचा पहिला प्रश्न, "फ्रीज बघितलास?" मी मोटारसायकल काढून आरोग्य केंद्रात जायचो. औषधांच्या फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटल्या आणि डॉक्टरांचं ताक. मी मोबाईलवर फोटो काढून ठेवला. शेतात बाया वाकलेल्या दिसल्या की मी त्यांच्या अनवाणी पायांकडे बघायचो. त्या रोपं उपटायला लागल्या त्याच दुपारी खोकं आलं. सिस्टर स्वतः आल्या, एकेक कुपी उजेडात धरून तारीख वाचली आणि फ्रीजचं दार दोनदा ढकलून बघितलं. मग तिथल्याच बाकड्यावर बसून ढसाढसा रडल्या.

अधिवेशनात उत्तर आलं. 'हे खरे नाही. पुरेसा साठा उपलब्ध आहे.' माझ्या अंगाची लाही लाही झाली. खिशात फोटो होता. म्हटलं, "सिस्टर, पेपरला देतो. मंत्र्यांची पळता भुई थोडी करू."

"आणि मग?"

"मग काय? लोकांना कळेल तरी खोटं कोण ते!"

"अरे, त्यांनी मला खोटी ठरवायसाठी इंजेक्शन आणलं. आता त्यांचं नाक कापलंस, तर पुढल्या टायमाला ते फ्रीज नाय भरणार, नुसतं उत्तर भरतील. ठरू दे त्यांना खरं. आपलं काय जातं?"

आपलं काय जायचं ते निवडणुकीत गेलं. किन्हवलीच्या सभेत समोरच्या उमेदवाराने त्यांच्या प्रश्नांची उत्तरं एकामागून एक वाचून दाखवली. 'हे खरे नाही' आलं की थांबायचा आणि लोक हसायचे. माझं गाव ते. हसणाऱ्यांत माझा चुलताही होता. मी तडक सिस्टरकडे गेलो आणि फोटो दाखवायची परवानगी मागितली. त्यांनी मोबाईल हातात घेऊन फोटो बघितला. त्यांनाही लागलं होतं, देवमाणूस नव्हत्या त्या. मग म्हणाल्या, "नको." त्या पडल्या.

पडल्यावर त्यांनी अंथरूण धरलं. पण उन्हाळा उतरणीला लागण्याआधी फोन आलाच, "फ्रीज बघितलास?" बघितला. ताक होतं. जुन्या कुपींची तारीख उलटून गेली होती. आता प्रश्न विचारायला आमच्याकडे आमदार नव्हता.

सिस्टर माझ्या हाताला धरून नव्या आमदारांच्या ऑफिसात गेल्या. दोन पायऱ्या चढताना त्यांना धाप लागली. मला तर तिथे पाऊल टाकायचीही लाज वाटत होती. आमदार चटकन उठले, खुर्ची दिली. सिस्टरनी टाइप केलेला प्रश्न त्यांच्यापुढे सरकवला. "यावर सही पायजे."

त्यांनी वाचलं आणि ओशाळून हसले. "सिस्टर, याच उत्तरावर मी निवडून आलो. उद्या मलाही 'हे खरे नाही' म्हणाले, तर लोक मला हसतील."

"हसतील ना. हसायला जित्ते तरी ऱ्हातील."

बाहेर वरातीतल्यासारखी कार्यकर्त्यांची गर्दी होती, सगळे आत बघत होते. आमदारांनी पेनासाठी खिशाकडे हात नेला, पुन्हा मागे घेतला. मग कुणाकडे तरी पेन मागितलं आणि सही केली. त्या माणसाबद्दलचं माझं मत तेव्हापासून बदललं.

उत्तर आलं तेव्हा सिस्टर दवाखान्यात होत्या. मी कॉटशेजारी बसून वाचून दाखवलं. 'हे खरे नाही.' त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"फ्रीज बघितलास?"

"बघितला, सिस्टर. भरलाय."

"तारीख?"

"पुढच्या वर्षाची."

"मग पुढल्या वर्षी परत जा सही घ्यायला," त्या म्हणाल्या.

त्या गेल्या तेव्हा लावणी ऐन भरात होती. बाया हातातली रोपं टाकून आल्या. कुणी पाय धुवायला थांबलं नव्हतं. सिस्टरच्या ओटीवर चिखलाचे पाय उमटले होते आणि मला ते पुसावेसे वाटले नाहीत.

आता मी कुणाचा पी.ए. नाही. दर उन्हाळ्यात मात्र तोच प्रश्न टाइप करतो आणि जो आमदार असेल त्याच्या दारात जाऊन बसतो. यंदाही खोटे ठरलो आम्ही.