नानांचा अंतरा

धारच्या बसस्टँडवर इंदूरची बस सुटता सुटता माझे वडील, नाना, खिडकीशी आले. हातात दशम्यांचा डबा. मी म्हटलं, "नाना, अंतरा राहिला." त्यांनी डबा आत दिला. "पुढच्या खेपेला घे, समोर बसून. कागदावर द्यायची वस्तू नव्हे ती."

ती बंदिश नानांच्या देवासच्या गुरूंची. पहिला भाग, अस्ताई, मला लहानपणीच मिळाली होती. पुढचा अंतरा मात्र शिष्य तयार झाल्याशिवाय द्यायचा नाही आणि लिहायचा तर मुळीच नाही, हा त्या घरचा दंडक. आणि मी व्हिएन्नात स्वर लिहूनच पोट भरते. नव्या रचनेचं कमिशन, डेडलाइन, रिहर्सल, मग दुसऱ्या गावची रिहर्सल. कंटाळा येतो हो. एका वर्षी चार तंतुवाद्यांसाठी काहीतरी द्यायचं होतं आणि डोकं रिकामं. ती अस्ताई उचलली, अंतरा सरळ स्वतःच रचला. लोकांना नेमका तोच आवडला. लाज वाटली, पण टाळ्या घेतल्या. रेकॉर्डिंग धारला पाठवलं.

पुढची खेप लांबत गेली. माझ्यासारखे जे परदेशी गेलेत त्यांना हे सांगायला नको, आणि जे इथं राहिलेत त्यांनी आमची कारणं पुष्कळ ऐकली आहेत. मी दोनदा आले, एकदा भाच्याच्या मुंजीला, एकदा आईच्या दिवसांना. समोर बसणं काही झालं नाही.

यंदा महिना काढून आले. नाना आता मला कधी कधी आत्या समजतात. भाऊ पीथमपूरची शिफ्ट करून आला नि म्हणाला, "ताई, टेन्शन नको घेऊ. गाणं एकदम पक्कं आहे त्यांचं. तुझं रेकॉर्डिंग लावतो ना मी, सुबह-शाम."

तंबोरा लावून मी समोर बसले. नानांनी अस्ताई म्हटली, मग अंतरा उचलला. शब्द नव्हते, नुसता आकार. पहिल्याच ओळीला ओळखलं, तो माझा होता. व्हायोलिनसाठी लिहिलेली अवघड उडीसुद्धा त्यांनी थकल्या गळ्यानं घेतली.

"गुरूंचा आहे," नाना म्हणाले. "देईन म्हटलं होतं ना? म्हण आता."

मला रडू आलं. तरी म्हटला. शेवटाकडे त्यांनी हात वर करून थांबवलं. "तिथं कोमल निषाद. नीट ऐकत नाहीस."

माझ्या स्कोअरमध्ये, लिहिलेल्या स्वरलिपीत, तिथं शुद्ध आहे, रेकॉर्डिंगमध्येही शुद्धच वाजतो. मग हा कुठून आला? गुरूंच्या अंतऱ्यातला उरलेला, की विसराळूपणातला, ते सांगणारं आता कोणी नाही.

परत व्हिएन्नात आले आहे. घर म्हणजे माझ्यापुरता आता तेवढा एक स्वर. तो मी अजून लिहिलेला नाही.