गुरुजींनी घेतलेले प्रायश्चित्त

ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या शाळेत मी पहिल्या दिवशी गेलो, तेव्हा भिकाजीपंत गुरुजी इतिहास शिकवीत होते. महाराजांना गड शत्रूच्या स्वाधीन करावे लागले, इथवर धडा आला होता. गुरुजींनी पुस्तक मिटून विचारले, “तह करून परतताना महाराज वाटेत कोणाशी बोलले असतील रे?” आम्ही सरदारांची नावे सांगू लागलो. “आपलं चुकलं, असंही वाटलं असेल त्यांना,” गुरुजी म्हणाले. मला तर रागच आला. महाराजांना कधी शंका येते होय!

पुढे मी कल्याणास मास्तर झालो. एका विधवेच्या पुनर्विवाहाला जाऊन जेवलो, आणि ज्ञातीने मला वाळीत टाकले. पत्नीला तिच्या माहेरची माणसे घेऊन गेली. शाळेबाहेर आठ-आठ दिवस माझ्याशी कोणी चकार शब्द बोलत नसे. चूक लिहून देऊन प्रायश्चित्त घेतले की सुटका होती. तरी मी दम धरला. पण आईचे वर्षश्राद्ध आले आणि पाटावर बसायला एक ब्राह्मण मिळेना. माझ्यापायी आई उपाशी राहणार, या विचाराने मी पार खचलो. कबुलीचा कागद लिहिला आणि गुरुजींना तसे कळवले.

श्राद्धाच्या सकाळी गुरुजी दारात उभे!

“कागद दिलास?”

“अजून नाही. पण गुरुजी, तुमच्यासारखा धीर माझ्यात नाही हो.”

“माझ्यासारखा? अरे, अशाच एका जेवणापायी मला वाळीत टाकलं होतं. चार महिन्यांत मी प्रायश्चित्त घेतलं. मुलीचं लग्न अडलं होतं. तुला कागद द्यायचा तर दे, मी तुला कमी लेखणार नाही. पण गुरुजी कधी डगमगले नाहीत, असं समजून देऊ नकोस.” मग पाय धुऊन म्हणाले, “स्वयंपाकाला लाग. मंत्र मीच सांगतो आणि पाटावरही मीच बसतो.”

वाढता वाढता मला रडू आवरेना. कागद मी चुलीत घातला.

त्या जेवणाबद्दल ठाण्यात गुरुजींनाही पुन्हा वाळीत टाकले. या खेपेला त्यांनी प्रायश्चित्त घेतले नाही.

आधी घेतलेल्या प्रायश्चित्ताची हकीकत गुरुजींच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात शोभत नाही, असे काही स्नेह्यांचे म्हणणे पडले. गुरुजींना विचारले, तर ते संतापलेच. “ती गाळणार असलास तर माझ्याबद्दल एक अक्षर लिहू नकोस,” म्हणाले.

गुरुजींना आता साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या आळीतून साठीशांतीच्या जेवणाला कोणी येणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे. परमेश्वराने त्यांना निरोगी शंभर वर्षे द्यावीत. निदान ती आळी त्यांच्या पंक्तीला येऊन बसेल, इतकी तरी द्यावीतच.