कळसच्या गतिरोधकावर नवी गाडी

ह्यांनी जुनी बुटकी स्पोर्ट्स कूपे गाडी देऊन तिचंच फेसलिफ्ट झालेलं, म्हणजे पुढचं तोंड बदललेलं मॉडेल घेतलं. भिगवणला मासे खाताना तीच गाडी असलेले ह्यांचे दोन मित्र हमरीतुमरीवर आले होते. एकाला नवं तोंड आवडलं नव्हतं. दुसरा म्हणाला, "तोंड सोड, मागच्या चाकांची ताकद बघ!" माझं मत कुणी विचारलं नाही.

परतताना कळसचा गतिरोधक आला. गाडी हलकी व्हावी, खालून घासू नये म्हणून मी नेहमीसारखी उतरले आणि पुढं उभी राहून हातानं खुणा करू लागले. नवं तोंड जुन्यापेक्षाही खाली होतं. तेवढ्यात मागून उसाचा ट्रॅक्टर आला, हॉर्न वाजू लागला. हे गांगरले, ॲक्सिलरेटरवर पाय जोरात पडला. गाडी उसळली आणि माझ्या गुडघ्यापाशी येऊन थांबली.

हे धावत उतरले, वाकले, गाडीचं तोंड चाचपलं. "घासली न्हाय!"

"सूनबाई, लागलं का?" ट्रॅक्टरवरच्या ओळखीच्या तात्यांनी वरूनच विचारलं.

मी त्यांच्या शेजारी चढून बसले. ताकद ट्रॅक्टरचीही मागच्याच चाकांत होती, पण पुढच्या एकाही गतिरोधकावर मला कुणी उतरवलं नाही.