सदरेवरचं गाऱ्हाणं

परवा मुलीनं विचारलं, "बाबा, किल्ल्यावरची सदर म्हणजे काय?"

"किल्लेदार रयतेची गाऱ्हाणी ऐकायला बसायचा, ती जागा," मी सांगितलं.

हेच उत्तर मी सत्त्याण्णवच्या दिवाळीत धाकट्या बहिणीला, सुमनला दिलं होतं. भाऊबिजेला ती सासरहून पंचवटीला आली होती आणि आम्ही सगळे नाशिकजवळच्या एका किल्ल्यावर गेलो होतो. सदरेचा नुसता चौथरा उरला होता. दगड उन्हानं तापले होते, वाळल्या गवताचा वास येत होता आणि आम्ही तिखटमीठ लावून पेरू खात होतो.

"बायकांचं पण ऐकायचे का रे दादा?"

"ऐकायचे की! बोल, काय गाऱ्हाणं आहे?" मी चौथऱ्यावर ऐटीत मांडी घालून बसलो.

ती हात जोडून समोर उभी राहिली. "सरकार, मला सासरी परत जायचं नाही."

"अर्ज फेटाळला! हे खालचं कोर्ट आहे, वर जाऊन अपील कर," बालेकिल्ल्याकडे बोट दाखवत मी म्हणालो. सगळे खो खो हसले. तीही हसली, पण जरा उशिरा.

तिला तिथं रोज मारहाण व्हायची, हे पुढं काही वर्षांनी ती वारली तेव्हा तिच्या शेजारणीकडून कळलं.

किल्ल्यावरून आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिला पोचवायला स्टँडवर गेलो, तर तोबा गर्दी. एसटी थांबायच्या आत मी धावत जाऊन खिडकीतून रुमाल टाकला. तिला बसायला जागा मिळाली, म्हणून मी खूश होतो.