मधली भिंत

नाल्याकाठची वस्ती काल पाडली. निषेधाची पत्रकं घेऊन मी आज सकाळी तिथं गेलो. पत्रकातला संताप माझाच होता, पण अंगात त्यातला थेंबही उरला नव्हता. सगळं बधिर.

स्वतःच्याच घराच्या विटांच्या ढिगावर उभे राहून शंकरकाका डिशची छत्री फिरवत होते. फुकटात दिसणारे चॅनेल, तेवढीच त्यांची चैन. न पाडलेल्या शेजारघरातून वायर ओढली होती. चार हातांवर काकू उघड्यावर टीव्हीसमोर बसल्या होत्या. पडदा निळाच होता.

"आलं का गं?" पूर्वी छपरावरून ओरडायचे, तसेच काका ओरडले.

"बोंबलताय कशाला? मधी भिंत हाय का आता?"

काकांचा छत्रीवरचा हात तसाच राहिला.

मी पत्रकात कायदा लिहिला होता, हक्क लिहिला होता. घर म्हणजे आतल्या माणसाला मोठ्यानं हाक मारावी लागेल एवढा आडोसा, हे कुठं लिहिलं होतं?

काकूंनी पदरानं पडद्यावरची धूळ पुसली.

"वरडा," त्या म्हणाल्या. "सवय मोडू नका. भिंत परत घालायचीच हाय."