शिंपल्यांची चौकट

आमच्या मामाचा फोटो स्टुडिओ म्हणजे एक स्टूल, एक पांढरा पडदा आणि आरशाला दोरीने बांधलेला कंगवा. पासपोर्टचा फोटो काढताना मामा गिऱ्हाइकाच्या कपाळावरची बट मागे सारायचा, खांद्यावरचा कोंडा झटकायचा. एकदा तर त्याने एका साहेबांच्या गालावरचा तीळ शाईचा डाग समजून पुसायला घेतला होता.

सुट्टीच्या दिवशी मात्र तो खाडीवर. ओहोटीच्या चिखलात चोची खुपसत फिरणाऱ्या पक्ष्यांचे फोटो काढायला पोटावर पडून राहायचा आणि घरी येऊन कपड्यांपायी मामीची बोलणी खायचा.

"स्टुलावर बसायला माणसं कमी पडली का?" मामी विचारायची.

"माणसं सांगितलं की हलत नाहीत. त्यात काय मजा?"

एकदा त्याला वाळूत चिखल्याचं घरटं सापडलं. चिखल्या म्हणजे मुठीत मावेल एवढा पक्षी, आणि घरटं म्हणजे नुसता उथळ खळगा. आजूबाजूला शिंपल्यांचे तुकडे आणि मध्ये वाळूच्याच रंगाची ठिपकेदार अंडी. कॅमेऱ्यातून पाहिलं तर अंडी कुठली आणि शिंपले कुठले, काही कळेना. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मादी जरा लांब गेली तसे मामाने सगळे शिंपले हलक्या हाताने वेचून खिशात टाकले, तळहाताने वाळू सारखी केली आणि मागे सरकून वाट पाहत पडला. मादी परत आली, अंड्यांवर वाकली. असा फोटो त्याला जन्मात मिळाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी तो पुन्हा गेला. खळगा रिकामा होता. साफ केलेल्या वाळूवर कावळ्यांच्या पायांचे ठसे आणि अंड्याच्या कवचाचा एक तुकडा. मादी खळग्यापाशी येत होती, थांबत होती, परत पळत होती. मामाने कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. त्याला स्वतःच्या हातांची लाज वाटली.

दुकानात आला तर फोटो समोरच्या भिंतीवर. छपाईचं काम मामीचं. तिने तो मोठा छापून चौकटीत घातला होता आणि धुवायच्या पँटच्या खिशात सापडलेले शिंपले हौसेने चौकटीला चारी बाजूंनी चिकटवले होते.

त्यानंतर येणारा प्रत्येकजण वाहवा करायचा. "अंडी कशी स्वच्छ दिसतात," असं कुणी म्हटलं की मामा खाली वाकून ड्रॉवरमध्ये उगाच काहीतरी शोधायचा. मला तो त्याचा विनय वाटायचा. आपली अक्कल ती केवढी.

मग एका शनिवारी, मी तिथेच बसलो असताना, मामी म्हणाली, "पिल्लं आता पळायला लागली असतील. उद्या मलाही न्या."

मामा स्टुलावर बसला. गिऱ्हाइकासारखा, हात मांडीवर ठेवून.

"पिल्लं नाहीत गं. मी अंडी उघडी पाडली. कावळ्यांनी नेली."

"तुम्ही कशी उघडी पाडली?"

मामाने चौकटीकडे बोट केलं. "त्यांच्यावरचं पांघरूण तू इथे चिकटवलंयस."

मामीने सुरी आणून एकेक शिंपला अलगद सोडवला आणि सगळे त्याच्या ओंजळीत दिले.

"होते तिथे ठेवून या."

"आता कुणाला झाकायला?" मामा म्हणाला.