तालातोच्या कबरीतून आलेलं पाणी

तालातो तोए मेली हे गावाला कळलं, कारण ते तिनं स्वतःच बोंब मारून सांगितलं.

पण त्याआधीचं सांगायला हवं. ज्वारीची बिअर गाळून विकणारी ही बाई फाटक्या तोंडाची. गावाखालचं तळं गाळानं भरून सपाट झालेलं. लहानपणी तिनं तिथं कमळाचे कांदे उपटून खाल्लेले, आता तिथं शेळ्या बसायच्या. ना बेडूक, ना बगळा. तिनं उन्हाळाभर बायाबाप्यांना शिव्या घालत, वर बिअरचं मडकं पुढं सरकवत, गाळ उपसायला लावलं. तळं कमरेइतकं खोल झालं. पण पाणी यायचं कुठून? ओढ्याच्या तोंडावर नोआगा झोंगोनं आपल्या भातासाठी बांध घातलेला. मुखियानं सांगून पाहिलं, नोआगा ढिम्म.

"भात वाळवून बेडकं पोसू होय?"

तो बांध फुटला नाही, तर उन्हाळाभराची मेहनत मातीत.

तालातो सामो, नोआगा मोसी. या दोन जमातींचं पिढ्यान्‌पिढ्यांचं थट्टेचं नातं. वाट्टेल ते बोलावं, गुलाम म्हणावं, कुत्रं खाणारे म्हणावं; रागावेल तो हरला. आणि एकाकडं मयत झालं की दुसऱ्यानं कबर खणायला, वर टवाळी करायला यायलाच हवं.

तर एका सकाळी तालातो त्या बांधावरच अंगावर लुगडं ओढून आडवी झाली.

"मेले गं बाई, मेले! बोलवा माझ्या मोसी गुलामाला!"

गाव गोळा झालं. नोआगा कुदळ घेऊनच आला. "वा! कुत्र्याची मुंडी खाणारी एक कमी झाली!"

मुडद्यानं एक डोळा उघडला. "नीट खण. डोकं तळ्याकडं, पाय ओढ्याकडं. आमच्यात असंच पुरतात."

नोआगाला चेव आला. माती उडू लागली.

"आखूड झाली रे. पाय काय तुझ्या चुलीत ठेवू?"

"पाय आहेत का खांब!"

"उथळ आहे. कोल्हे उकरतील."

"तुला? कोल्ह्यांना जीव नकोसा झालाय का?"

लोक पोट धरून हसत होते. जितकं हसू, तितका नोआगा खोल. शेवटची ढेकळं फेकून तो ताठ झाला, इकडं बघितलं, तिकडं बघितलं. बांध आरपार कापला गेला होता.

हसणं थांबलं. आता हा चिडतो की काय?

"म्हातारे," नोआगा दात आवळून म्हणाला, "उतर आत."

तालातो लुगडं झटकत उठली. "आता जरा बरं वाटतंय मला."

नोआगानं ओठ चावला, पण हसू फुटलंच. "खणायची बिदागी? एक मडकं."

"दोन घे."

"भात वाळलं तर खरंच पुरीन हां!"

भात वाळलं नाही. तळं भरलं आणि पाणी मागं तुंबून त्याच्या भाताच्या पायाशी राहिलं. बेडूक कुठून आले देव जाणे. पाठोपाठ कमळाच्या पानांवरून लांब बोटांचे पाणपक्षी चालू लागले. बांध आपणच फोडायचं ठरवलं होतं, असं नोआगा आता सांगत फिरतो.

एका सकाळी तो लाल डोळ्यांनी, बिअरचा रिकामा भोपळा घेऊन तालातोच्या दारात.

"तळ्यातले तुझे नातेवाईक रात्रभर गळा काढून रडतात. डोळ्याला डोळा नाही."

"रडणारच," ती भोपळा भरत म्हणाली. "माझे दिवस अजून कुठं घातलेत?"